टाकीत हात घालणाऱ्यांचाही विचार करा
द्रवात बुडवायचे सर्व्हर, त्यांच्या टाक्या आणि तेल बनवणाऱ्या कंपन्यांना, तसेच त्यांची मानके लिहिणाऱ्या समित्यांना खुले पत्र

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी कुणी थंड राहावेत म्हणून द्रवात बुडवून चालवायचे सर्व्हर बनवतं, कुणी त्यांच्या टाक्या, कुणी त्यांत भरायचं, वीज वाहून न नेणारं तेल, तर कुणी या सगळ्याचे नियम लिहिणाऱ्या समित्यांवर बसतं. मी टाकीचं झाकण उघडणाऱ्यांपैकी आहे. खरेदीच्या बैठकीत आम्हाला सहसा कुणी बोलावत नाही. आमची वेळ येते ती माल बसवून झाल्यावर, फोटो काढून झाल्यावर आणि पाहुणे निघून गेल्यावर. म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, बुडवून थंड करण्याला माझा विरोध नाही. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा तेल हजारपटीहून जास्त उष्णता उचलतं. पंखे गेले की त्यांचा आवाज जातो, धूळ जाते, त्यांना लागणारी वीज वाचते. आजच्या मोठ्या जीपीयूंपुढे, म्हणजे एआयची गणितं करणाऱ्या तापट चिपांपुढे, नुसत्या हवेचा टिकाव लागत नाही, हेही रोज दिसतं. थंडाव्याचं गणित तुम्ही चांगलं सोडवलंत. पण सर्व्हर बिघडला तर तो दुरुस्त कसा करायचा, हा भाग आमच्यावर सोडून दिलात.

मेमरीची एक पट्टी बदलायची आहे असं समजा. साध्या रॅकमध्ये सर्व्हर रुळावरून पुढे ओढायचा, वरचं झाकण काढायचं, दोन्ही टोकांच्या खिट्ट्या दाबायच्या, जुनी पट्टी काढून नवी बसवायची, सर्व्हर आत ढकलायचा. चहा गार व्हायच्या आत काम आटोपतं. आता तेच काम टाकीत करू. झाकण उघडायचं. वरून गेलेल्या केबल बाजूला करायच्या, या सर्व्हरच्या कुठल्या आणि शेजाऱ्याच्या कुठल्या ते ओळखायचं, आपल्या तेवढ्या सोडवायच्या. होईस्ट, म्हणजे वजन उचलायची यारी, आणायचा, सर्व्हरच्या दोन कानांत आकडे अडकवायचे आणि हळूहळू वर घ्यायचं. सर्व्हर उभा असतो, त्यामुळे टाकीच्या वर त्याच्या लांबीएवढी मोकळी जागा लागते. तिथे नेमका कुणीतरी केबलचा ट्रे टांगलेला असतो. सर्व्हर बाहेर आला की तेलाची पातळी खाली जाते. काही टाक्यांत तेल काठावरून सांडून पंपाकडे जातं, तिथे पातळी उतरली की प्रवाहच मंदावतो. मग रिकाम्या जागी तेवढ्याच आकाराचा डमी ठोकळा सोडावा लागतो. तो ठोकळा टाकीबरोबर द्यायचं काही जण विसरतात. इकडे सर्व्हर टाकीच्या वर निथळत लटकलेला. हीट सिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमधून, स्लॉटच्या खाचांतून, पत्र्याच्या प्रत्येक दुमडीतून तेल येत राहतं. थांबलं असं वाटून सर्व्हर टेबलावर आडवा केला की आत कुठेतरी साठलेलं तेल दुसऱ्या बाजूने ओघळतं. मग हातमोज्यांतल्या बुळबुळीत बोटांनी त्या खिट्ट्या शोधायच्या. बदलायचा भाग बोटाएवढा आणि त्यासाठी बाहेर काढला अख्खा सर्व्हर.

ही झाली मेमरी. डिस्कची गोष्ट याहून गमतीची आहे. हवेवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये डिस्क पुढच्या बाजूला असतात, कारण त्या बिघडतात आणि चालू सर्व्हरमधून ओढून बदलायच्या असतात. केबल मागे. हाच सर्व्हर टाकीत सोडताना केबलची बाजू वर ठेवावी लागते. म्हणजे डिस्क जातात थेट तळाला. ज्या भागावर ‘चालू असताना बदलता येतो’ असं तुम्ही अभिमानाने लिहिता, तोच भाग बदलायला सर्व्हर बंद करून तेलातून उपसावा लागतो. अनेक मॉडेलांत आजही हेच चालू आहे, कारण त्या मॉडेलांत टाकीसाठी नवं फारसं काही केलेलंच नाही. हवेतल्या सर्व्हरचे पंखे काढले, फर्मवेअरला, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या नियंत्रण-सॉफ्टवेअरला, ‘पंखे फिरताहेत’ असं खोटं सांगणारा तुकडा जोडला आणि वर ‘इमर्शन रेडी’ (बुडवायला तयार) अशी पट्टी लावली.

तेव्हा माझी पहिली मागणी सर्व्हर बनवणाऱ्यांकडे. जे बिघडतं, जे बदलावं लागतं आणि जे वाचावं लागतं, ते सगळं वरच्या कडेला आणा. डिस्क, पॉवर सप्लाय, नेटवर्क कार्ड, मॅनेजमेंट पोर्ट, दिवे, सगळं. डिस्कची पेटी वरून सरळ ओढता आली पाहिजे, बाकीचा सर्व्हर तेलात चालू असताना. काही नव्या रचनांमध्ये हे केलेलं पाहिलंय, म्हणजे जमतं. पॉवर सप्लाय प्रत्येक सर्व्हरमध्ये कोंबण्याऐवजी टाकीला एकच बसबार, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारी धातूची पट्टी, द्या आणि सर्व्हर जागेवर उतरला की आपोआप बसेल अशी जोडणी करा. उघड्या रॅकमध्ये ही पद्धत कित्येक वर्षं चालू आहे. जोडणी तळाला ठेवली तर तळाचा गाळ तिच्यात जाईल, हे मात्र ध्यानात असू द्या. बाजूला, थोडी वर ठेवलेली बरी. मेमरी आणि प्रोसेसर कडेला येणार नाहीत, ते मान्य. त्यांच्यासाठी सर्व्हर वर काढू. पण तो काढायच्या आधी दहा केबल सोडाव्या लागू नयेत.

दुसरी मागणी निथळण्याची. तेल वाहून जाईल असा सर्व्हर बनवणं हे डिझाइनचं काम आहे, आणि ते झालेलं दिसत नाही. उभा असताना ज्या दुमड्या वाट्यांसारख्या होतात त्यांना भोकं हवीत. बंद पेटीच्या पॉवर सप्लायमध्ये तेल शिरायला वाट असते पण निघायला नसते, तिथे खालच्या कोपऱ्यात वाट द्या. हवेला दिशा द्यायला बसवलेली प्लास्टिकची आवरणं पंख्यांबरोबरच काढून टाका. टाकीच्या काठावर तिरक्या कोनात सर्व्हर टेकवता येईल असा आधार द्या, म्हणजे एका कोपऱ्यातून धार लागेल आणि ठिबकलेलं परत टाकीत जाईल. आणि सूचनापत्रात एवढं तरी लिहा की सर्व्हर बंद करून गार व्हायची वाट न पाहता लगेच वर घ्यावा. गरम तेल पातळ असतं, भराभर निथळतं. गार झालं की चिकटून बसतं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना हे ठाऊक असतं. नव्या माणसाला मात्र कागदावर कुठेच सापडत नाही.

यातलं काहीही नवं नाही. मुलामा चढवणाऱ्या कारखान्यांत जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, टाकीतून वर काढताना त्याच्याबरोबर किती द्रव बाहेर येतो, हे वर्षानुवर्षं मोजलं जातं. जॉब कुठल्या कोनात टांगायचा, किती वेळ टाकीवर धरायचा, याचे तिथे ठोकताळे आहेत, कारण बाहेर आलेला प्रत्येक थेंब पुन्हा भरावा लागतो. ट्रान्सफॉर्मरवाले तर तेलात बुडालेली विजेची यंत्रं शंभराहून जास्त वर्षं सांभाळत आलेत. त्यांच्या टाकीला तेलाचा नमुना घ्यायचा व्हॉल्व्ह असतो. त्यांच्याकडे आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेचं ६०४२२ हे मानक आहे, जे नव्या तेलाबद्दल नाही, वापरातल्या तेलाच्या देखभालीबद्दल आहे. तेल किती विद्युतदाबाला फुटतं, म्हणजे त्यातून ठिणगी आरपार जाते, हे तपासायची आयईसी ६०१५६ ही पद्धत आहे, ज्यात २.५ मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये ठिणगी पडेपर्यंत व्होल्टेज वाढवत नेतात. ओलावा किती, आम्लता किती, कुठल्या आकड्याला तेल गाळायचं आणि कुठल्या आकड्याला बदलायचं, हे तिथला फोरमन वही बघून सांगतो. तुमच्या टाकीचं तेल कधी बदलायचं असं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘ते वर्षानुवर्षं टिकतं.’ टिकत असेलही. पण टिकलं की नाही हे मी कशावरून ओळखायचं? नमुन्याचा नळ द्या आणि सोबत आकड्यांचा तक्ता द्या. फिल्टर पंप न थांबवता बदलता आला पाहिजे, म्हणजे दोन फिल्टर समांतर आणि मध्ये व्हॉल्व्ह. हे कुठल्याही प्लंबरला सुचेल, पण टाक्यांमध्ये दर वेळी दिसत नाही.

तेल बिघडतं ते बहुधा त्यात आपण काय बुडवतो त्यामुळे. हायड्रोकार्बन तेलात पीव्हीसीची केबल बुडवली की तिला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर हळूहळू तेलात उतरतं. काही महिन्यांनी ती केबल काडीसारखी ताठ होते, आणि ती सोडवायला वाकवली की आवरण तडकतं. म्हणजे बिघाड एका ठिकाणी आणि दुरुस्तीला हात लावला की दुसरा तयार. ईपीडीएम रबर खनिज तेलात फुगतं, नायट्राइल आणि फ्लुओरो रबर तग धरतात. लेबलांचा डिंक सुटतो आणि लेबल तरंगत जाऊन फिल्टरवर बसतं. सिरियल नंबर असलेलं लेबल गेलं की त्या भागाची वॉरंटी मागताना काय सोसावं लागतं ते तुमच्याच कॉल सेंटरला विचारा. नंबर वरच्या कडेच्या पत्र्यावर लेझरने कोरा, प्रश्न मिटला.

प्रोसेसर आणि हीट सिंकमधली साधी ग्रीसही तेलात धुऊन जाते. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने ‘त्सुबामे-केएफसी’ हा तेलात बुडवलेला सुपरकॉम्प्युटर उभा केला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये तो ग्रीन५०० या, कमी विजेत जास्त काम करणाऱ्या सुपरकॉम्प्युटरांच्या यादीत पहिला आला. त्यासाठी त्यांनी ग्रीस काढून उष्णतावाहक पट्ट्या लावल्या, पंखे काढले, आणि पंखा बंद असतानाही पॉवर सप्लाय चालावा म्हणून त्याचं फर्मवेअर बदललं. हे सगळं तेव्हाच लोकांपुढे आलेलं. तरीही आज नवा प्रोसेसर बसवायला घेतला तर सोबतच्या खोक्यात ग्रीसचीच सिरिंज निघते. पट्टी वेगळी मागवावी लागते, ती यायला आठवडा लागतो आणि तोवर सर्व्हर टेबलावर. डेटा सेंटरच्या सामानाचे आराखडे खुले करणाऱ्या ओपन कॉम्प्युट प्रोजेक्टने बुडवण्याच्या सर्व्हरसाठीच्या अपेक्षा आणि चालणाऱ्या साहित्याबद्दल मार्गदर्शन लिहून ठेवलंय, त्याबद्दल त्या मंडळींचे आभार. पण सुट्या भागांचा पुरवठा करणारा विभाग ते वाचत असेल असं वाटत नाही.

केबलबद्दल आणखी थोडं, कारण आम्हाला सर्वांत जास्त छळणारी वस्तू तीच. बऱ्याच तारा बारीक तंतूंच्या असतात. त्या तंतूंच्या फटींतून तेल केशाकर्षणाने वर चढतं, टाकीच्या काठावरून पलीकडे उतरतं आणि आवरणाच्या आतून चालत जाऊन दुसऱ्या टोकाला, म्हणजे हवेतल्या स्विचच्या पोर्टमध्ये, ठिबकायला लागतं. बाहेरून केबल कोरडी ठणठणीत. स्विचखाली डबकं दिसलं की लोक आधी छताकडे बघतात. उपाय अवघड नाही. तेलाच्या पातळीच्या वर, टाकीच्या आतच, केबलमध्ये रेझिनने भरलेला अडसर ठेवा. किंवा टाकीच्या काठावर एक जोडपट्टी द्या, जिथे आतली केबल संपते आणि बाहेरची सुरू होते. जोडपट्टीचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो: सर्व्हर काढताना आतल्या केबल सर्व्हरबरोबर वर येतील आणि शेजाऱ्यांना हात लावावा लागणार नाही. प्रकाशावर चालणारे ट्रान्सीव्हर, म्हणजे फायबर केबलच्या टोकाचे संदेश पाठवणारे-घेणारे तुकडे, सीलबंद नसतील तर त्यांच्या लेन्सपुढे तेल शिरतं आणि प्रकाशाची वाटच बदलते. ते पातळीच्या वर ठेवा, किंवा आत जायचंच असेल तर तांब्याची केबल द्या. साध्या हार्ड डिस्कला श्वासाचं छिद्र असतं, ती बुडवायची नाही. हेलियम भरलेली सीलबंद डिस्क चालते. हे टाकीवर ठसठशीत लिहा, कारण रात्रपाळीत कपाटात जी डिस्क असेल ती बसवली जाते.

स्क्रूंचंही तेच. सुटा होणारा एकही स्क्रू नको, सगळे आपल्या जागी अडकून राहणारे हवेत. टाकीच्या तळाशी गेलेला स्क्रू चुंबकाने काढता येतो असं तुमचा विक्रेता म्हणतो. स्टेनलेस स्टीलच्या कित्येक स्क्रूंना चुंबक दाद देत नाही, हे त्याला सांगा.

उकळणाऱ्या द्रवाच्या, म्हणजे टू-फेज टाक्यांबद्दल थोडक्यात. त्यात निथळण्याचा त्रास जवळजवळ नसतो, सर्व्हर कोरडा वर येतो, हे कबूल. पण झाकण उघडलं की वाफ जाते, आणि ती वाफ महागडी असते. शिवाय या कामाचे ओळखीचे द्रवच बाजारातून निघून चाललेत. ६१ अंश सेल्सिअसला उकळणारं नोवेक ७१०० बनवणाऱ्या थ्रीएमने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२५ अखेर अशा फ्लुओरोरसायनांचं उत्पादन बंद करणार. तरी ज्यांच्या टाक्या चालू आहेत त्यांच्यासाठी एक सोपी गोष्ट. वाफेने धातू धुणाऱ्या टाक्यांसाठी अमेरिकेत नियम आहे की जॉब मिनिटाला ३.४ मीटरहून वेगाने वर-खाली करायचा नाही, कारण वेगाने ओढला की तो वाफ सोबत घेऊन येतो. तुमच्या होईस्टवर अशी मर्यादा बसवलीत तर उत्तम. नाहीतर निदान सूचनापत्रात आकडा द्या.

क्रे-२ हा १९८५ चा सुपरकॉम्प्युटर. त्याची सगळी मॉड्यूल फ्लुओरिनर्ट या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडालेली असत, आणि दुरुस्तीसाठी तो द्रव शेजारच्या साठवण टाकीत काढून घ्यायची सोय होती. त्या लोकांना सर्व्हर उपसण्याऐवजी द्रव हटवायचं सुचलं होतं. आजच्या मोठ्या टाकीत सगळं तेल उतरवणं परवडणार नाही, सगळेच सर्व्हर बंद पडतील. पण टाकीचे कप्पे केले आणि एका कप्प्याची पातळी वेगळी खाली घेता आली, तर वरच्या भागातली कितीतरी कामं सर्व्हर न हलवता होतील. यावर कुणी गंभीरपणे काम करत असेल तर मला वाचायला आवडेल.

‘टाकीत सर्व्हर बिघडतच नाहीत, मग देखभालीची एवढी काळजी कशाला?’ हेही ऐकलंय. मायक्रोसॉफ्टच्या नॅटिक प्रकल्पाचा दाखला देतात. तो सिलिंडर २०१८ मध्ये ऑर्क्नी बेटांजवळ समुद्रात सोडला, त्यात ८६४ सर्व्हर होते, २०२० मध्ये वर काढला आणि बिघाडाचं प्रमाण जमिनीवरच्या तुलनेत एक अष्टमांश निघालं. पण ते सर्व्हर तेलात नव्हते, सिलिंडरच्या आत कोरड्या नायट्रोजनमध्ये होते. आणि तिथे बिघडलेला सर्व्हर तसाच सोडून द्यायचं आधीपासून ठरलेलं होतं. ज्याच्याकडे इतके सर्व्हर आहेत की काही मेले तरी चालतील, त्याने खुशाल तसं करावं. ज्याच्याकडे एकच टाकी आहे आणि तिच्यातल्या एका जीपीयू सर्व्हरवर महिनाभराचं काम अडलंय, त्याला ती चैन नाही.

आता वॉरंटी. तेलातून काढलेला बोर्ड परत घ्यायला निर्मात्याचा विभाग तयार नसतो, कुरिअर खोकं ओशट दिसलं की नाकारतो, आणि पुसून पाठवला तर ‘ग्राहकाने रसायन वापरलं’ म्हणून दावा फेटाळला जातो. बोर्ड कशाने धुवायचा, कशात गुंडाळायचा, कुठल्या कागदासह पाठवायचा, हे वॉरंटीच्या कागदातच असलं पाहिजे. इंटेलने २०२५ मध्ये शेलच्या काही द्रवांना आपल्या झिऑन प्रोसेसरसाठी प्रमाणित केलं, हे योग्य दिशेचं पाऊल. पण सर्व्हरमध्ये प्रोसेसरखेरीज डझनभर निर्मात्यांचे भाग असतात. सर्व्हर विकणाऱ्याने सगळ्यांची जबाबदारी एका सहीखाली घ्यावी.

समित्यांकडे शेवटची मागणी. प्रत्येक माहितीपत्रकात पीयूई, म्हणजे डेटा सेंटरची एकूण वीज भागिले संगणकांची वीज, मोठ्या अक्षरात असतो. (जाता जाता: सर्व्हरमधले पंखे काढले की संगणकाची म्हणून मोजली जाणारी वीज कमी होते, त्यामुळे एकूण वीज वाचूनही पीयूई उलट वाईट दिसू शकतो. तरीही सगळे त्याच आकड्यावर भांडतात.) त्याच्या शेजारी दुरुस्तीच्या वेळेचे आकडे सक्तीचे करा: मेमरी, डिस्क, पॉवर सप्लाय, नेटवर्क कार्ड आणि टाकीचा पंप बदलायला लागणारा वेळ, झाकण उघडल्यापासून बंद होईपर्यंत, निथळण्यासह. किती माणसं लागली, शेजारचे किती सर्व्हर बंद करावे लागले, किती तेल बाहेर गेलं, हेही लिहा. मोजणी कारखान्याच्या इंजिनिअरने करू नये. ज्याने तो सर्व्हर आधी पाहिलेला नाही अशा तंत्रज्ञाने, नायट्राइलचे हातमोजे घालून, भरलेल्या आणि चालू टाकीवर, फक्त छापील सूचनापत्र हातात घेऊन करावी. त्याचं चित्रण कापाकापी न करता जाहीर ठेवा. पहिल्या चाचणीला माणूस हवा असेल तर आमच्यापैकी कुणीही येईल; येताना आपले हातमोजे आणि बदलायचे कपडे घेऊन येऊ.

कळावे,
आपला,
डेटा सेंटरच्या देखभाल विभागातला एक तंत्रज्ञ